बिटकॉइनची वीज मोजायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विकेंद्रित डिजिटल चलनाचा विषय निघाला की वर्तमानपत्रांतून दोन वाक्ये हमखास वाचायला मिळतात. पहिले टीकाकारांचे: 'बिटकॉइनच्या एका व्यवहाराला एका घराची कित्येक दिवसांची वीज लागते.' दुसरे समर्थकांचे: 'ही वीज नाहीतरी वायाच जाणार होती.' दोन्ही वाक्यांनी वाचकाची दिशाभूल होते. धोरण ठरवणारेही हीच वाक्ये वाचून मत बनवतात, म्हणून हा हिशेब मुळापासून मांडायला हवा.

वीज नेमकी जाते कुठे, ते आधी पाहू. बिटकॉइनच्या संगणकांच्या जाळ्यात साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक, म्हणजे गठ्ठा, आधीच्या ब्लॉकांच्या साखळीत नोंदला जातो. या कामाला 'मायनिंग' आणि ते करणाऱ्याला 'मायनर' म्हणतात. ब्लॉक नोंदवण्याचा हक्क मिळवायचा तर मायनरला ब्लॉकचा ८० बाइटचा मथळा एसएचए-२५६ या गणिती सूत्रातून दोनदा काढावा लागतो, आणि येणारे उत्तर जाळ्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान भरावे लागते. मथळ्यात आवृत्ती, आधीच्या ब्लॉकची खूण, आतल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून काढलेला गोषवारा, वेळ, काठिण्य (म्हणजे ती मर्यादा किती कडक आहे) आणि 'नॉन्स' नावाचा चार बाइटचा एक मोकळा आकडा असतो. कोणता नॉन्स चालेल हे आधी कळायला मार्ग नाही. घालून बघायचा, नाही जमला तर पुढचा. चार बाइटांत सुमारे ४२९ कोटी आकडे बसतात. एक चांगले नवे यंत्र सेकंदाला २०० टेराहॅश, म्हणजे २०० लाख कोटी प्रयत्न करते. ते ४२९ कोटी आकडे त्याच्याकडून सेकंदाच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागात संपतात. मग व्यवहारांच्या गोषवाऱ्यात एक बारीकसा बदल करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे यंत्र ३,५०० वॉट खाते, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. त्यातली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

यावरून जाळ्याची एकूण वीज कुणालाही कागदावर काढता येते. २०२४च्या मध्याला सगळ्या यंत्रांची मिळून क्षमता ६०० एक्झाहॅशच्या आसपास होती, म्हणजे सेकंदाला ६० कोटी टेराहॅश. नवी-जुनी यंत्रे मिळून एका टेराहॅशला सरासरी २५ ज्यूल लागतात असे धरले, तर एकूण भार १,५०० कोटी वॉट, म्हणजे १५,००० मेगावॉट होतो. वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणले की १३१ अब्ज युनिट. थंडाव्याचा खर्च वरून आणखी काही टक्के. केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासगटाने एप्रिल २०२५च्या अहवालात दिलेला वार्षिक अंदाज १३८ अब्ज युनिट आहे. कागदावरचे गणित त्याच्या जवळ जाते. या हिशेबातली नाजूक जागा म्हणजे ते २५ ज्यूल. कुठल्या गोदामात किती जुनी यंत्रे चालू आहेत याची नोंद कुठेच नसते, म्हणून हा आकडा अंदाजाने धरावा लागतो. २०२३मध्ये याच गटाने यंत्रांबद्दलचे गृहीतक सुधारले, तेव्हा त्यांचा २०२१ सालचा आकडा १०४ वरून ८९ अब्ज युनिटांवर आला. एवढा फरक केवळ एका गृहीतकाने पडतो, हे आकडा छापताना लक्षात ठेवायला हवे.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने करू, कारण वीज एवढीच का लागते याचे उत्तर तिथे आहे. एप्रिल २०२४पासून प्रत्येक ब्लॉकमागे ३.१२५ नवी नाणी बक्षीस मिळतात. दिवसाला १४४ ब्लॉक धरले तर ४५० नाणी. नाण्याचा भाव समजा ६०,००० डॉलर असेल, तर सगळ्या मायनरांची मिळून रोजची कमाई २ कोटी ७० लाख डॉलर. वीज सरासरी पाच सेंट युनिटने मिळत असेल, तर सगळी कमाई विजेवर उधळली तरी दिवसाला ५४ कोटी युनिटच घेता येतील. वर्षाला सुमारे १९७ अब्ज. ही झाली वरची मर्यादा. यंत्रांची किंमत, जागा, माणसे आणि नफा वजा जाता प्रत्यक्ष वापर त्याखाली राहतो. व्यवहारांचे शुल्क या कमाईत वरून मिळते, पण एरवी त्याचा वाटा छोटा असतो.

म्हणजे जाळ्याची वीज ठरवणाऱ्या गोष्टी तीन: नाण्याचा भाव, ब्लॉकचे बक्षीस आणि विजेचा दर. यंत्रांची कार्यक्षमता त्यात येत नाही, आणि इथे भले भले फसतात. २०१६ सालचे नावाजलेले यंत्र टेराहॅशला सुमारे ९८ ज्यूल घेत असे, वर धरलेले नवे यंत्र १७.५ घेते. कार्यक्षमता पाचपटीहून जास्त वाढली, तरी एकूण वीज वाढतच गेली. कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, जाळे काठिण्याची पातळी नव्याने ठरवते. यंत्रे जोरदार झाली की कोडे तेवढेच अवघड होते. चांगली यंत्रे आली की वीज वाचेल असे कुणी सांगत असेल, तर त्याला काठिण्याबद्दल विचारावे.

'एका व्यवहाराची वीज' हा आकडा याच कारणाने फसवा आहे. ब्लॉकमध्ये एकही व्यवहार नसला तरी वीज तेवढीच जाते, आणि तीन-चार हजार असले तरी तेवढीच. शिवाय साखळीवरचा एक व्यवहार म्हणजे एकाने एकाला दिलेले पैसे असतीलच असे नाही. नाण्यांची खरेदी-विक्री करून देणारा एक्स्चेंज एकाच व्यवहारात शेकडो ग्राहकांची रक्कम काढून देतो. बिटकॉइनवरच उभारलेल्या लाइटनिंग जाळ्यात एक व्यवहार करून दोघांमधली वाहिनी उघडली की तिच्यातून हजारो देणीघेणी साखळीला हातही न लावता होतात. वर्षाची वीज भागिले वर्षाचे व्यवहार हा भागाकार करता येतो, पण उद्या व्यवहार दुप्पट झाले म्हणून वीज दुप्पट होणार नाही. वाचकाला मात्र तसेच वाटते. समर्थकांचीही एक पळवाट इथेच आहे. ते जगभरच्या बँका आणि सोन्याच्या खाणी यांच्या एकूण विजेशी तुलना करतात. बँका अब्जावधी माणसांचे रोजचे व्यवहार सांभाळतात, कर्जे देतात, वाद मिटवतात. बिटकॉइनची साखळी सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार नोंदवते. एकूण विजेच्या तुलनेत ही गोष्ट झाकली जाते.

वाया जाणाऱ्या विजेच्या दाव्यात तथ्य आहे, पण अर्धे. वरचेच आकडे घेऊ. रोजची २ कोटी ७० लाख डॉलर कमाई ६०० एक्झाहॅशमध्ये वाटली की २०० टेराहॅशच्या यंत्राच्या वाट्याला दिवसाला ९ डॉलर येतात. ८४ युनिटांचे पाच सेंटने ४ डॉलर २० सेंट गेले, हाती उरले ४ डॉलर ८० सेंट. हे यंत्र विकत घ्यायला काही हजार डॉलर लागतात, आणि नवी यंत्रे बाजारात येतील तसा त्याचा वाटा दर महिन्याला आकसतो. अशा यंत्राचा मालक दुपारचे चार तास सौर वीज जास्त झाली तेवढ्यापुरते ते चालवून भागवू शकत नाही. त्याला चोवीस तास चालवावेच लागते. जास्तीच्या विजेवर तेवढ्यापुरते चालणे परवडते ते ज्याची किंमत कधीच वसूल झाली आहे अशा जुन्या यंत्राला. २०१६ सालचे ते यंत्र १४ टेराहॅश करते, दिवसाला ३३ युनिट घेते आणि ६३ सेंट कमावते. वीज दोन सेंटांखाली मिळाली तरच ते चालते. दोन सेंटांखाली वीज मिळते तीन ठिकाणी: जिथे धरण किंवा पवनचक्की भरात आहे पण वाहून न्यायला तारा नाहीत, जिथे सरकार अनुदान देते, आणि जिथे वीज चोरली जाते. जुन्या यंत्रांचा ढीग एखाद्या भागात अचानक चालू झाला, तर यापैकी काय चालले आहे ते पाहायला हवे.

पहिल्या प्रकारची वीज खरोखर असते. २०२१पर्यंत चीनच्या सिचुआन प्रांतात पावसाळ्यात जलविद्युत मुबलक झाली की यंत्रे ट्रकमध्ये भरून तिकडे नेत आणि कोरड्या हंगामात शिनजियांगच्या कोळशाच्या विजेवर परत आणत. म्हणजे त्याच यंत्राची वर्षातली निम्मी वीज स्वच्छ आणि निम्मी काळी. तेलविहिरींवर वाहून न्यायला नळ नसल्याने जाळून टाकला जाणारा वायू जनित्रात घालून तिथेच मायनिंग करणे, हा त्यातल्या त्यात पटणारा उपयोग आहे. उघड्या ज्योतीत काही मिथेन न जळता सुटतो, आणि वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. जनित्रात तो अधिक पूर्ण जळतो. पण याच्या उलटही घडले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका सरोवराकाठचे एक बंद पडलेले वीजकेंद्र नैसर्गिक वायूवर पुन्हा सुरू झाले आणि नंतर तिथली वीज मायनिंगला जाऊ लागली. त्या राज्याने नोव्हेंबर २०२२मध्ये खनिज इंधनावर स्वतःची वीज करून चालणाऱ्या नव्या मायनिंगला दोन वर्षांची बंदी घातली. माझ्या मते ती बंदी योग्य होती. जे केंद्र बंदच राहिले असते, त्याचा धूर शंभर टक्के या चलनाच्या खात्यावर पडतो. केंब्रिजच्या त्याच अहवालात मायनिंगची ५२.४ टक्के वीज अक्षय स्रोत आणि अणुऊर्जा मिळून येते असे म्हटले आहे, पण ती माहिती कंपन्यांनी स्वतः दिलेली आहे आणि जाळ्याच्या साधारण निम्म्या भागापुरती आहे. न सांगणाऱ्या निम्म्यांची वीज तशीच असेल असे धरून चालणे बरोबर नाही.

वीजजाळ्यावर होणारा परिणाम सरासरीच्या आकड्यांत दिसतच नाही. वस्तीचे रोहित्र निवडताना असे धरलेले असते की सगळी घरे एकाच वेळी पूर्ण भार घेणार नाहीत, आणि रात्री भार उतरला की तेल व वेटोळी थंड होतील. मायनिंगचा भार दिवसरात्र एकसारखा असतो. वीस यंत्रे म्हणजे ७० किलोवॉट, अखंड. रोहित्राला थंड व्हायला वेळ मिळत नाही, वेटोळ्यांवरचे आवरण लवकर जुने होते, आणि उन्हाळ्यात कधीतरी ते जळते. बाकीच्या ग्राहकांना 'तांत्रिक बिघाड' एवढेच कळते. इराणने मे २०२१मध्ये वीजटंचाईमुळे परवानाधारक मायनिंगसुद्धा चार महिने बंद ठेवले. चीनने त्याच वर्षी मायनिंग बंद केल्यावर बरीच यंत्रे कझाकस्तानात गेली आणि काही महिन्यांत तिथे वीज कमी पडू लागली.

या भाराचा एक गुण मात्र मान्य करायला हवा: तो काही सेकंदांत बंद करता येतो आणि त्याने कुणाचे काम अडत नाही. टेक्सासमध्ये मायनिंग कंपन्यांना टंचाईच्या वेळी बंद राहण्याचा मोबदला मिळतो. ऑगस्ट २०२३मध्ये रायट प्लॅटफॉर्म्स या कंपनीला वीजबाजारातून ३ कोटी १७ लाख डॉलरचे क्रेडिट मिळाले. त्या महिन्यात तिने ३३३ बिटकॉइन काढले. त्यांची किंमत याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होती. करारात हे बसत असेलही, पण न वापरलेल्या विजेचा मोबदला वापरलेल्या विजेच्या उत्पन्नाहून मोठा होत असेल, तर तो शेवटी इतर ग्राहकांच्या बिलांतूनच निघतो. बंद होण्याची अट कराराच्या पहिल्या दिवसापासून असावी, प्रत्येक टंचाईत तिचा वेगळा लिलाव होऊ नये. पुन्हा चालू करतानाही यंत्रे टप्प्याटप्प्याने सुरू व्हावीत. हजारो यंत्रे एकदम चालू झाली तर वीजजाळ्याला धक्का बसतो.

एवढी वीज घालून मिळते काय? कुणाची परवानगी न घेता, कोणत्याही दिवशी, कोणत्याही सीमेपलीकडे मूल्य पाठवता येते, आणि सहा ब्लॉक, म्हणजे साधारण तासाभराने, ते उलटवणे जवळजवळ अशक्य होते. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत, हा नियम कोणत्याही बँकेच्या शब्दावर टिकलेला नाही. तो प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातला नोंदी तपासणारा संगणक, स्वतः तपासतो. असा नोड चालवायला हातात मावेल एवढा संगणक, एक टेराबाइट किंवा त्याहून मोठी डिस्क आणि दहा वॉटच्या आसपास वीज पुरते. नियम तपासणाऱ्याचे काम इतके स्वस्त आहे, महाग आहे ते फक्त ब्लॉक जिंकणे. २०२१मध्ये चीनच्या निर्णयानंतर जाळ्याची जवळपास निम्मी क्षमता काही आठवड्यांत गेली. ३ जुलैला काठिण्य सुमारे २८ टक्क्यांनी आपोआप उतरले आणि नोंदणी चालू राहिली. ज्यांचे खाते गोठवले जाऊ शकते किंवा ज्यांच्या देशाचे चलन दर महिन्याला घसरते, त्यांना या गुणाची किंमत कळते. फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेन सरकारने याच मार्गाने जगभरातून देणग्या घेतल्या. हा फायदा खरा आहे, त्याला नाकारून चर्चा होऊ नये.

पण तो ज्याला मिळायला हवा त्याला बहुतेक वेळा मिळत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथे आहे. हा फायदा चावी, म्हणजे नाणी खर्च करण्याचा गुप्त आकडा, स्वतःच्या हाती असेल तरच आहे. चावी परत मिळवून देणारे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून दोन वेगळ्या जागी ठेवणे, त्यांचा फोटो न काढणे, मोठी रक्कम पाठवण्याआधी छोटी पाठवून पाहणे, चावी ठेवणारे डिजिटल पाकीट एकदा पुसून त्या शब्दांवरून परत उभे करून बघणे, एवढे केल्याशिवाय चावी खरोखर हाती आहे असे म्हणता येत नाही. शब्द हरवले तर तक्रार घ्यायला कोणी नाही, चुकीच्या पत्त्यावर गेलेले परत येत नाही. ही जोखीम नको म्हणून असंख्य लोक नाणी एक्स्चेंजवर ठेवतात. तिथे ठेवली की मध्यस्थ परत आला, तोही बँकेच्या ठेवविम्याशिवाय. २०१४मध्ये माउंट गॉक्स आणि नोव्हेंबर २०२२मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाले तेव्हा साखळी बिनचूक चालू होती. पैसे गेले ते मध्यस्थाकडे ठेवलेले. मध्यस्थ नको म्हणून जाळलेली वीज आणि वर मध्यस्थही, अशा स्थितीत भाववाढीच्या आशेने नाणी धरून बसलेला माणूस त्या विजेतून काहीच घेत नाही. उलट त्याच्या मागणीने भाव चढतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे भावामागे वीज चढते.

दुसरा मार्ग आहे हे इथेरियम या दुसऱ्या मोठ्या डिजिटल चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी दाखवून दिले. त्या दिवशी त्यांनी मायनिंग सोडून ठेवीवर आधारलेली पद्धत स्वीकारली आणि वीज सुमारे ९९.९५ टक्क्यांनी कमी झाली. ब्लॉकवर मत देणाऱ्याला किमान ३२ नाणी अडकवून ठेवावी लागतात. लबाडी केली तर त्यातली कापली जातात. या पद्धतीला फुकट म्हणता येणार नाही. ज्यांच्याकडे नाणी जास्त त्यांचा शब्द जास्त, आणि बराच काळ जाळ्याबाहेर राहिलेल्या संगणकाला खरी साखळी कोणती हे ठरवताना कुणावर तरी विश्वास ठेवावा लागतो. पण मायनिंगमध्येही सत्ता विखुरलेली आहे असे फार म्हणता येत नाही. ६०० एक्झाहॅशच्या जाळ्यात २०० टेराहॅशचे एकटे यंत्र सरासरी ५७ वर्षांत एक ब्लॉक जिंकेल, म्हणून सगळे पूलमध्ये, म्हणजे क्षमता एकत्र करून बक्षीस वाटून घेणाऱ्या गटात, जातात, आणि दोन पूल मिळून निम्म्याहून अधिक ब्लॉक काढत असल्याचे अनेकदा दिसले आहे.

बिटकॉइन उद्या ही पद्धत बदलेल असे मला वाटत नाही. नवे चलन काढणाऱ्याने मात्र मायनिंग निवडायला आज काहीही कारण उरलेले नाही. छोट्या जाळ्यात ते सुरक्षितही नसते, कारण जाळ्याच्या निम्म्याहून जास्त क्षमता भाड्याने मिळू शकते. बिटकॉइन गोल्ड या छोट्या चलनावर मे २०१८मध्ये आणि इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट २०२०मध्ये असेच हल्ले झाले आणि पक्के मानलेले व्यवहार उलटवले गेले.

बंदीने यंत्रे देश बदलतात, हे २०२१ने दाखवले. त्यापेक्षा काही साध्या अटी अधिक उपयोगी पडतील. मायनिंगला वेगळा ग्राहकवर्ग आणि वेगळे मीटर असावे. रोहित्र आणि वाहिनी वाढवण्याचा खर्च जोडणीआधीच भरून घ्यावा, कारण भाव पडला की कंपनी रातोरात यंत्रे उचलून जाते आणि वाढवलेली यंत्रणा इतरांच्या गळ्यात राहते. अनुदानित दर या वापराला लागू नसावा. पंख्यांचा आवाज यंत्राजवळ ७५ डेसिबलच्या आसपास असतो, म्हणून वस्तीच्या हद्दीवर रात्रीची मोजणी सक्तीची हवी. जुनी यंत्रे याच एका सूत्रासाठी बनलेली असल्याने दुसऱ्या कामाला येत नाहीत. ती परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असावी. युरोपीय संघाने आपल्या कायद्यात ३० डिसेंबर २०२४पासून अशा चलनांची सेवा देणाऱ्यांना पर्यावरणीय परिणामांची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले आहे. त्यात तासागणिक वीजवापर आणि वीज कुठून घेतली याचीही भर पडावी.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. यापुढे या विषयावर विजेचा आकडा छापाल तेव्हा त्यासोबत चार गोष्टी द्याव्यात: आकडा कोणत्या महिन्याचा, जाळ्याची क्षमता किती धरली, टेराहॅशमागे किती ज्यूल धरले आणि खालची-वरची मर्यादा काय. केंब्रिजचा निर्देशांक या मर्यादा अंदाजासोबतच देतो, त्यामुळे त्यासाठी वेगळी शोधाशोध करावी लागणार नाही.

आपला,
एक वाचक